न मारलेला घोडा

मगदूम सरांनी माझा घोडा मारला नाही.

तो मारणं अगदी सोपं होतं. राजासमोरचं प्यादं एक घर तिरकं सरकवायचं आणि घोडा उचलून बाजूला ठेवायचा, एवढंच. नुकतंच बुद्धिबळ शिकलेलं पोरही ते करेल. डाव माझ्या हातातून कधीच गेला होता आणि हरायच्या आधी एक धोंडा भिरकावून बघावा म्हणून मी तो घोडा तिथे नेऊन ठेवला होता. ठेवला आणि मान खाली घातली. आता सर तो उचलणार, मी हात पुढे करून डाव सोडणार, आणि मग बाबांना फोन करून नेहमीचं वाक्य सांगणार, की हरले, पण झुंज दिली.

सर हनुवटीवर मूठ टेकवून बराच वेळ पटाकडे बघत होते. मग त्यांनी दुसऱ्या टोकाचं आपलं प्यादं दोन बोटांनी एक घर पुढे ढकललं. आता त्याचा वजीर व्हायला एकच घर उरलं होतं. त्यांनी घड्याळ दाबलं आणि खुर्चीत मागे टेकून कपाळ चोळलं.

घोडा होता तिथेच होता.

मला आधी भीतीच वाटली. मगदूम सर फुकटचा घोडा सोडतात, म्हणजे त्यात काहीतरी सापळा असणार. थोड्या वेळापूर्वीही असंच झालं होतं. गडबडीत मी माझा उंट त्यांच्या प्याद्याच्या तोंडात दिला होता आणि त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तेव्हा मला वाटलं होतं, सरांना माझ्या उंटाची गरजच नाही, इतके ते पुढे आहेत. पण आता माझा वजीर सरळ त्यांच्या राजाच्या शेजारी जाऊन बसू शकत होता, मागे घोड्याचा जोर होता, आणि राजाला पळायला एकही घर नव्हतं. मी तीनतीनदा तपासलं. शेवटी मी वजीर उचलला आणि तिथे ठेवला. घड्याळ दाबायचंही मला सुचलं नाही.

"खेळलीस?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"काय खेळलीस?"

मी बोटाने दाखवलं. "मात आहे सर."

ते पुढे वाकले, मान वळवून त्यांनी पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. दाराला कडी घातलेली असताना कोणीतरी घरात येऊन उभं राहावं, तसे ते त्या वजिराकडे बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला. "अभिनंदन, त्रिशला."

आजूबाजूच्या पटांवरची माणसं उठून आमच्याभोवती गोळा झाली. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. कोल्हापूरच्या त्या स्पर्धेत मगदूम सर हरले ही बातमी हॉलभर व्हायला वेळ लागला नाही.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. भूपाल मगदूम हे आमच्या जयसिंगपूरच्या शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावरही रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर चार-पाच पट मांडलेले असायचे. मी आठवीपासून तिथे जात होते. ओसरीवर त्यांनी मला कितीदा हरवलं त्याला गणती नव्हती, आणि स्पर्धेत आमची गाठ त्याआधी दोनदा पडली होती, दोन्हीदा मी हरले होते. ते मुद्दाम कधी हरत नसत. लहान मुलांशीसुद्धा नाही. "खोटा विजय दिला की पोरगं बिघडतं," असं म्हणायचे.

त्यांचा एक नियम होता. डाव संपला, की तो लगेच, त्याच दिवशी, पहिल्या खेळीपासून पुन्हा मांडायचा. हरणाऱ्याने आधी बोलायचं. आणि अर्ध्यावर आलं, की खुर्च्या बदलायच्या. समोरच्याच्या जागी बसल्याशिवाय आपली चूक कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. एरवी बोलणं माझ्याच वाट्याला यायचं. त्या दिवशी पहिल्यांदा ते त्यांच्या वाट्याला आलं.

हॉलच्या मागे एक छोटी खोली होती, तिथे आम्ही पट घेऊन बसलो. मी आधी बाबांना फोन केला. "बाबा, मी सरांना हरवलं," म्हटलं तर बाबा म्हणाले, "कुठल्या सरांना?" त्यांना खरंच वाटेना.

मग मी सोंगट्या लावल्या, सर समोर बसले. "बोलतो," ते म्हणाले. "सुरुवात मी बरी केली. तू इथे घाई केलीस, म्हणून मला ही उभी पट्टी मोकळी मिळाली." त्यांचा हात भराभर चालत होता. त्यांनी ते पुढे जाणारं प्यादं कसं तयार केलं, माझा हत्ती कसा अडकवला, माझ्या वजिराला कुठून हुसकावलं, सगळं ते इतकं स्वच्छ सांगत होते, की मला हरल्यासारखंच वाटायला लागलं. या माणसाने घोडा कसा सोडला?

आम्ही माझ्या उंटापाशी आलो.

"इथे तुम्ही माझा उंट मारला नाही," मी म्हटलं. "मी चुकून ठेवला होता सर. मला वाटलं, तुम्हाला त्यात काही दिसलं असेल."

"कुठला उंट?"

"हा."

"तिथे उंट नव्हता."

मला वाटलं ते चेष्टा करतायत. सर फारशी चेष्टा करत नसत, पण हरलेला माणूस कधी कधी करतो. "होता की सर. हा काय, अजून आहे."

त्यांनी मान वळवली, उंट पाहिला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हा तू आत्ता ठेवलास."

"नाही सर."

ते उठले. "चल, खुर्च्या बदल. तुझ्या बाजूने बघू."

आम्ही जागा बदलल्या. ते माझ्या पांढऱ्या सोंगट्यांमागे बसले आणि मी त्यांच्या काळ्यांमागे. त्यांनी पटाकडे पाहिलं मात्र, आणि एकदम श्वास आत ओढला.

"अगं, हा उंट तर फुकट आहे! आणि इथे घोडा आला की... हे मी बघितलं नाही?" त्यांनी घोडा उचलून पुढे ठेवला, त्यावर वजीर आणून ठेवला. "हे तर सरळ मात होतंय. हे मला दिसलं कसं नाही, त्रिशला? पन्नास वर्षं खेळतोय मी."

"तुम्ही प्याद्याच्या नादात होता सर. वजीर होणारच होता तुमचा."

"कुठलं प्यादं?"

"ते पुढे गेलेलं."

ते पटावर शोधू लागले. माझ्या डोळ्यांसमोर ते प्यादं उभं होतं, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर. ज्या प्याद्यासाठी ते दिवसभर झगडले होते, तेच. त्यांची नजर उजव्या बाजूने फिरली, मध्यापर्यंत आली आणि परत गेली.

"तू उचललंस," ते म्हणाले.

"काय?"

"माझं प्यादं तू उचललंस पटावरून. कशाला असलं करतेस?" त्यांचा आवाज चढला. खोलीत दुसऱ्या पटावर बसलेले दोघे वळून बघायला लागले. "जिंकलीस ना? मग आता लबाडी कशाला?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला लबाड म्हटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. मी नुसतं बोट प्याद्यावर टेकवलं. सरांनी माझ्या बोटाकडे पाहिलंच नाही. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि बोट जिथे होतं ती जागा त्यांच्या दृष्टीने नव्हतीच.

आणि मला ते कळलं. काय झालंय ते नव्हे, तेवढं कळायला मी डॉक्टर नव्हते. पण पट कळत होता. काळ्या बाजूने बसले तेव्हा त्यांना उंट दिसला नाही, घोडा दिसला नाही. पांढऱ्या बाजूने बसले तेव्हा ते दोन्ही दिसले आणि प्यादं गेलं. दोन्ही वेळा जे दिसलं नाही ते त्यांच्या डावीकडे होतं.



"सर," मी म्हटलं, "पटावर एकूण सोंगट्या किती आहेत? मोजून सांगा ना."

"कशाला?"

"सांगा ना सर."

त्यांनी रागारागाने मोजल्या. "नऊ."

मी उठले, पट उचलला आणि सावकाश फिरवून पुन्हा त्यांच्यासमोर ठेवला. एकही सोंगटी हलली नाही. "आता?"

"आठ." ते थांबले. "आठ कशा?"

त्यांनी पुन्हा मोजल्या, बोट लावून. आठच. मग त्यांनी स्वतःच पट फिरवला. नऊ. चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरत गेला आणि तिथे वर्गात फळ्यापुढे उभे असतानाचे सर आले, गणित चुकलंय हे कळलेले आणि कुठल्या पायरीवर चुकलं ते शोधणारे.

"तुला किती दिसतात?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"सतरा."

"नऊ आणि आठ." ते पटाकडे बघत राहिले. "म्हणजे एकही दोनदा मोजली गेलेली नाही. म्हणजे मी पट अर्धाच बघतोय. कुठूनही बसलो तरी अर्धाच." त्यांनी दोन्ही डोळे आळीपाळीने हाताने झाकून बघितले. "दोन्ही डोळ्यांनी तेच होतंय. म्हणजे चूक डोळ्यांत नाही."

त्याच वेळी दारातून सुमनकाकी आल्या. सरांच्या पत्नी. दिवसभर त्या शाहूपुरीत बहिणीकडे होत्या आणि आता परत जायला म्हणून आल्या होत्या. त्या येऊन सरांच्या डाव्या खांद्याशी उभ्या राहिल्या.

"झालं का तुमचं? चला, अंधार पडायच्या आत निघू. गाडी चालवायची आहे तुम्हाला."

सरांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खोलीभर नजर फिरवली.

"सुमन कुठे आहे?" त्यांनी मला विचारलं. "आवाज येतोय तिचा."

काकी हसायला लागल्या. मग माझा चेहरा बघून थांबल्या.

पंच बारगीर साहेबांना मी बोलावून आणलं. त्यांच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता, त्यामुळे त्यांना थोडंफार ठाऊक होतं. त्यांनी सरांना हसायला सांगितलं, दोन्ही हात वर करायला लावले, दहापर्यंत आकडे म्हणायला लावले. सरांचं तोंड वाकडं नव्हतं, हात समान वर गेले, आकडे तर ते उलटेही म्हणून दाखवू लागले.

"काही नाही हो," बारगीर म्हणाले. "माझ्या वडिलांचं तोंड पार ओढलं गेलं होतं. यांना शीण झालाय. सकाळपासून पटावर बसलेत."

"तसंच असेल," काकी लगेच म्हणाल्या. "सकाळी निघतानाच म्हणत होते, डोकं जड वाटतंय. घरी जाऊन झोपले की बरं वाटेल."

सरांनी खिशातून गाडीची किल्ली काढली.

मी ती त्यांच्या हातातून घेतली. घेतली म्हणजे अक्षरशः हिसकावून घेतली. ज्यांच्यासमोर मी कधी पाय पसरून बसले नव्हते, त्यांच्या हातातून. "सर, सांगलीच्या रस्त्याला डाव्या बाजूने कोणी आलं तर तुम्हाला दिसणार नाही. काकी गाडीत असतील."

सरांनी काकींच्या दिशेने मान वळवली, खूप वळवली, तेव्हा कुठे त्या त्यांना दिसल्या.

"दवाखान्यात चला," ते म्हणाले.

गाडी बारगीर साहेबांनी चालवली. सर पुढे, मी आणि काकी मागे. काकी पदराचं टोक पिळत होत्या. मला सारखं वाटत होतं, की हे कधी झालं? सकाळी काकींना ‘डोकं जड’ म्हणाले तेव्हाच? मग मी दिवसभर कोणाशी खेळले?

"सर," मी म्हटलं, "डाव आठवतोय?"

"आठवतोय की."

"उंट तोंडात दिला ती जागा सांगा. कुठे काय होतं?"

त्यांनी डोळे मिटले आणि बोलू लागले. माझा हत्ती कुठे, वजीर कुठे, त्यांचं प्यादं कुठपर्यंत आलेलं. मी ऐकत होते. डोळे मिटलेले असूनही ते अर्धाच पट सांगत होते. स्वतःच्या राजाबद्दल बोलले, पण राजाच्या पलीकडे, पटाच्या कडेपर्यंत, काहीच नव्हतं. माणसाच्या आठवणीतून पटाची एक बाजू पुसली जाऊ शकते, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

"आता माझ्या खुर्चीतून सांगा सर. तुम्ही पांढरे आहात असं समजा."

तोच क्षण ते पुन्हा सांगू लागले, आणि या वेळी उंट आला, घोडा आला, राजासमोरची सगळी प्यादी आली. त्यांच्या प्राणप्रिय प्याद्याचा मात्र उल्लेखच नाही. बारगीर साहेबांनी आरशातून मागे माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं.

दवाखान्यात सरांच्या डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टर घोरपडे नावाच्या तरुण बाई होत्या, बारीक आवाजाच्या, पण शब्द तोलून बोलणाऱ्या. त्यांनी काकींना आणि मला बाजूला घेतलं.

"रक्तस्राव नाहीये, ही चांगली गोष्ट. मेंदूच्या उजव्या भागाला रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी अडकलीय. त्यामुळे त्यांना डावी बाजू जाणवत नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे माझ्याकडे, पण ते सुरुवात झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. त्यांना हे कधी सुरू झालं?"

"सकाळी," काकी म्हणाल्या. "सकाळी डोकं जड आहे म्हणाले होते."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजत आले होते. "सकाळपासून असेल तर नाही देता येणार."

"सकाळपासून नाही," मी म्हटलं.

दोघी माझ्याकडे वळल्या.

"ते दिवसभर माझ्याशी खेळत होते. प्रत्येक खेळी मला पाठ आहे. त्यांच्या डावीकडची प्रत्येक खेळी." मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले आणि डोळे मिटले. त्या दिवशीचा डाव मी तिसऱ्यांदा मांडला, आणि या वेळी फक्त एकच प्रश्न घेऊन. सरांनी डाव्या बाजूचं शेवटचं काय पाहिलं होतं?

सुरुवातीला राजा त्यांनी त्याच बाजूला नेला होता. मग तिकडून माझ्या घोड्याला हटवलं होतं. मग मधे बराच वेळ झुंज दुसऱ्या बाजूला चालली, तिथे काही कळायला मार्ग नव्हता. मी पुढे गेले. हत्तींची अदलाबदल. मग चहा. चहाचा ट्रे आला, तो आणणाऱ्या मुलीने सरांचा कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. त्यांनी तो उचलला, एक घोट घेतला, आणि कप हातात असतानाच दुसऱ्या हाताने आपला उंट उचलून माझ्या राजाकडचं एक प्यादं खाल्लं. त्यांच्या डावीकडचं. "हे कच्चं ठेवलं होतंस," असंही पुटपुटले.

"चहापर्यंत त्यांना सगळं दिसत होतं," मी म्हटलं. "चहा डावीकडे ठेवला होता. तो त्यांनी उचलला, आणि त्याच वेळी डावीकडचं प्यादं मारलं. त्यानंतर त्या बाजूला त्यांनी हात लावला नाही."

"चहा किती वाजता आला?"

बारगीर साहेब म्हणाले, "तीनला. मीच माइकवरून सांगितलं होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "बुद्धिबळाच्या डावावरून मला वेळ सांगताय तुम्ही. चूक झाली तर काय होईल, ते मी आत्ताच सांगितलंय."

"हो."

"चुकून हात गेला असेल, सवयीने?"

"ते प्यादं नुकतंच तिथे आलं होतं. पाहिल्याशिवाय ते मारता येणार नाही."

डॉक्टरांनी कागद काकींपुढे धरला. काकींनी पेन घेतलं, पण सही केली नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या ओसरीवर मी वाढले होते, त्यांच्या हातची धपाटी खाल्ली होती, आणि तरी त्या मला अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत होत्या.

"त्रिशला, नक्की ना गं?"

मी आयुष्यात कित्येक खेळ्या केल्या आहेत, आणि प्रत्येक खेळीनंतर घड्याळ दाबायच्या आधी माझ्या मनात एक शंका येतेच. तशी ती तेव्हाही आली. डोकं सकाळपासून जड होतं. हत्तींच्या अदलाबदलीच्या आधी बराच काळ ते फक्त एकाच बाजूला खेळले होते. पण तो कप मला दिसत होता, सरांच्या डाव्या हातातला.

"नक्की," मी म्हटलं.

काकींनी सही केली.

पुढचा वेळ कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. बाबा जयसिंगपूरहून आले. मी भिंतीला टेकून उभी होते, बसायला सांगितलं तरी बसले नाही. आत एखादं यंत्र वाजलं की काकी माझा दंड धरायच्या, आणि त्यांची बोटं मला हाडापर्यंत लागायची. मला एकच दिसत होतं, की आपण चुकलो तर आज दुपारी त्यांना हरवलं आणि संध्याकाळी मारलं.

डॉक्टर घोरपडे बाहेर आल्या तेव्हा त्यांनी आधी काकींचा हात धरला. मला वाटलं, संपलं.

"या आत," त्या म्हणाल्या. "पण डाव्या बाजूने जाऊन उभ्या राहा. मला बघायचंय."

काकी पलंगाच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. सर छताकडे बघत होते. त्यांचे डोळे हळूहळू हलले, थांबले, आणि मग त्यांनी मान न वळवता म्हटलं, "रडतेस कशाला?"

सर त्यानंतर अकरा वर्षं जगले. डाव्या बाजूची एक पट्टी कायमची गेली, अगदी कडेची. रस्ता ओलांडताना ते मान खूप वळवायचे, गाडी त्यांनी पुन्हा चालवली नाही आणि स्पर्धाही खेळले नाहीत. ओसरीवरचे पट मात्र चालू राहिले. आज माझी मुलगी ज्यांच्याकडे खेळायला जाते, ते गृहस्थ त्याच ओसरीवर शिकलेले आहेत.

दवाखान्यातून घरी आल्यावर पाच-सहा दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. पलंगावर उशीला टेकून बसले होते. समोर पट मांडलेला. मी पाहिलं तर आमचाच डाव होता.

"सर, तो डाव जाऊ द्या ना," मी म्हटलं. "तो मी जिंकले असं मी मानतच नाही. मी आयोजकांना पत्र लिहिणार आहे."

"पत्र कशाला? मात झाली ती झाली." त्यांनी एक सोंगटी नीट घरात बसवली. "मी माझं सगळं बोललो. तुझं बोलणं राहिलंय."

"माझं काय? तुम्ही मला पार चिरडलं होतंत. तुम्हाला हे झालं नसतं तर मी..."

"बघ इकडे. हे कधीचं आहे?"

मी पाहिलं. हत्तींची अदलाबदल नुकतीच झाली होती. चहा अजून यायचा होता.

"इथे मला पूर्ण पट दिसत होता," सर म्हणाले. "पूर्ण. आणि इथे मला घाम फुटला होता. मी रुमाल काढला ते तू पाहिलंस?"

"उकडत होतं, म्हणून."

"उकडत नव्हतं. तू खेळी करायला हात उचललास तेव्हा माझ्या मनात आलं, पोरीला दिसलं. हिने मला धरलं. आणि तू काय केलंस? वजीर मागे घेतलास."

मी पटाकडे बघत राहिले. मला काहीच दिसेना. मी तर तेव्हापासून हरत होते, किंवा हरतेय असं धरूनच बसले होते.

"मी इथे जिंकत होते?"

"साफ."

"कुठली खेळी, सर?"

आतून काकींनी विचारलं, चहा टाकू का. सरांनी त्यांना हाताने थांबवलं, पण मला उत्तर दिलं नाही. मी पुढे वाकले. माझे दोन्ही डोळे शाबूत होते, अख्खा पट माझ्यासमोर पसरलेला होता. बाहेर मुलं येऊन ओसरीवर सोंगट्या लावायला लागली, त्यांचं भांडण झालं, मिटलं. सर उशीला टेकून, माझ्याकडे बघत, मला ती खेळी दिसेपर्यंत गप्प बसून राहिले.